शिबिराची पंगत आणि कायदा

मूल उन्हाळी शिबिराला गेले की घरची चूल सुटते आणि अनोळखी आचाऱ्याच्या हातचे अन्न सुरू होते. ते पारखावयाचे कोणी?

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची नजर मुख्यतः भेसळीवर होती. निरीक्षकाने नमुना घ्यावा, प्रयोगशाळेने तपासावा, न्यायालयाने शिक्षा करावी. परंतु निर्भेळ अन्नही अस्वच्छ हातांनी विषारी होते. ५ ऑगस्ट २०११ पासून २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील परवाना-नियम लागू झाले आणि पाणी, भांडी, साठवण, आचाऱ्याचे आरोग्य यांचीही पाहणी आली. शिवाय अन्नसेवा नफ्याची असो वा नसो, ती या कायद्याच्या कक्षेत आली. ‘आम्ही सेवाभावाने जेवू घालतो’ ही सबब शिबिरचालकांना उरली नाही.

तरीही १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. अन्नात कीटकनाशक होते. ते शिबिर नव्हते, पण परक्या हातच्या अन्नावरचा लेकरांचा विश्वास तोच होता. कायदा तेव्हाही होता. पण कायदा स्वतः कोठीत डोकावत नाही, माणसालाच डोकवावे लागते.

आम्ही पालक शिबिराच्या पत्रकात डोंगर, पोहणे, खेळ पाहतो. यापुढे चौदा आकडी परवाना क्रमांकही विचारू, आणि एकदा तरी त्या कोठीत जाऊन येऊ.