मामांच्या जीपमधला पेनड्राइव्ह

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जे ‘म्हणजे’, ‘अरे हो’ आले होते, त्यातले थोडे काढले आहेत, थोडे तसेच ठेवलेत.

गेल्या दिवाळीत मी उमरखेडला घरी आलो होतो. मामा उमरखेड-ढाणकी रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे. आता वय झालंय, गाडी घरासमोर उभी असते. त्यांनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. चार जीबीचा, टोपण हरवलेलं, दोरी बांधलेली. म्हणाले, “अरे, ह्याच्यातले जुने गाणे गेले सगळे. तू इंजिनिअर आहेस ना, बघ बरं.”

मी आधी हसलो. मग कळलं, त्यात फक्त सिनेमाची गाणी नव्हती. गावातल्या भजनी मंडळाची सात रेकॉर्डिंग होती, कोणीतरी साध्या मोबाईलवर केलेली. त्यात मृदंग वाजवणारे आजोबा आता नाहीत. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

ते रेकॉर्डिंग शोधता शोधता मला या छोट्याशा वस्तूचा इतिहास सापडत गेला. आज तोच सांगतो.

सुरुवात कॅसेटपासून करू, कारण मामा अजूनही यूएसबीच्या डेकला ‘टेप’च म्हणतात. “टेप लाव रे!” फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली. लू ओटेन्स हा डच इंजिनिअर त्या टीमचा प्रमुख होता. काही वर्षांतच गाडीत बसवायचे कॅसेट प्लेअर आले. आपल्याकडे खरी लाट आली ती १९८० च्या दशकात. तोपर्यंत रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ, मोठा खर्च. कॅसेट स्वस्तात निघायची आणि स्वस्तात कॉपी व्हायची. त्यामुळे प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, लोकगीतं, लग्नाची गाणी गावोगाव पोचली. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाने भारतातल्या या बदलावर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, १९९३ साली.

पुढचा टप्पा एमपीथ्रीचा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही, किंवा मोठ्या आवाजाखाली दबून जाईल, ते टाकून द्यायचं आणि फाइल लहान करायची, ही त्यामागची कल्पना. १४ जुलै १९९५ ला त्यांनी फाइलच्या नावापुढे ‘एमपीथ्री’ लावायचं ठरवलं. १२८ केबीपीएसला एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. हा आकडा लक्षात ठेवा.

१९९६ च्या जानेवारीत यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं. इंटेलमधल्या त्या कामात पुढे होते अजय भट्ट, बडोद्यात शिकलेले. आपण पिन उलटी लावतो, मग सुलटी, मग पुन्हा उलटी! दोन्ही बाजूंनी बसणारी पिन केली असती तर वायरी आणि सर्किट वाढून खर्च दुप्पट झाला असता, असं भट्ट यांनी नंतर सांगितलं.

आणि पेनड्राइव्हच्या पोटातली चिप? ती फ्लॅश मेमरी. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. यूएसबी आणि फ्लॅश मेमरी एकत्र आल्या आणि २००० मध्ये पेनड्राइव्ह बाजारात आला. सिंगापूरची ट्रेक आणि इस्रायलची एम-सिस्टम्स, दोघांचेही दावे आहेत. एम-सिस्टम्सचा ड्राइव्ह आयबीएमने विकला, तो होता आठ एमबीचा. आता मघाचा आकडा लावा: आठ मिनिटं. भजनाची एक चाल नीट रंगेपर्यंत संपला! मामांच्या चार जीबीत मात्र साठ-पासष्ट तासांची गाणी मावत होती. तासाभराच्या साठ-पासष्ट कॅसेट, खिशात.

आमच्याकडे हे आलं मोबाईल शॉपीतून. दुकानाबाहेर पाटी असायची, ‘गाणे टाकून मिळतील’. कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले असायचे: भक्तिगीत, भीमगीत, बंजारा, डीजे, जुने हिंदी. तुम्ही बोट दाखवायचं, दुकानदार कॉपी मारायचा. यातलं बरंचसं कॉपीराइटच्या नियमात बसणारं नव्हतं, हेही खरंच. पण त्याच फोल्डरांतून लोकांची स्वतःची रेकॉर्डिंगही फिरायची. कुणाच्या हळदीतली गाणी, कुणाच्या तांड्यावरची होळीची गाणी. कॅसेटला निदान कंपनी लागायची. इथे एक मोबाईल पुरेसा होता.

आता एक मजेशीर गोष्ट. मामांच्या गाडीत पहिलं गाणं नेहमी गणपतीचंच लागायचं. मला वाटायचं डेकला सेटिंग आहे. तसं काही नव्हतं. पेनड्राइव्हमध्ये फॅट नावाची फाइल सिस्टम असते. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये तिचं पहिलं रूप लिहिलं. त्यात पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी एक यादी असते. नव्या ड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने कॉपी होतात, त्या क्रमाने त्यांची नावं या यादीत बसतात. स्वस्तातले डेक नावांची जुळवाजुळव करत नाहीत, यादी वरून खाली वाचत जातात. दुकानदार रिवाज म्हणून आधी गणपतीचं गाणं टाकायचा, म्हणून डेक आधी तेच वाजवायचा. तुमच्या गाडीत गाणी भलत्याच क्रमाने लागत असतील तर कारण बहुतेक हेच. ड्राइव्ह रिकामा करून हव्या त्या क्रमाने एकेक फाइल टाकून बघा.

याच अनुक्रमणिकेमुळे मला आशा होती. मामांच्या ड्राइव्हवर कोणीतरी ‘क्विक फॉरमॅट’ मारलं होतं. त्यात अनुक्रमणिका कोरी होते, आतली पानं तशीच राहतात. नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. आणि घोळ इथेच होता, फॉरमॅटनंतर त्यावर लग्नासाठी डीजेची गाणी भरली होती.

मी फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं. ते अनुक्रमणिकेच्या भानगडीत पडत नाही, सरळ पानं चाळून फाइलींच्या खुणा शोधतं. नावं परत मिळत नाहीत, नुसते नंबर येतात. रात्री दोनपर्यंत मी एकेक नंबर ऐकत बसलो. सातपैकी तीन रेकॉर्डिंग मिळाली. त्यातलं एक मध्येच तुटतं.

सकाळी मामांना ऐकवलं. मृदंग सुरू झाला तसं ते म्हणाले, “थांब, आवाज वाढव.” मग काहीच बोलले नाहीत. तुटलं तिथे विचारलं, “पुढचं?” मी म्हटलं, “मामा, एवढंच आहे.”

मंडळी, कंपन्यांची गाणी ॲपवर आहेत, उद्याही मिळतील. गावाची गाणी ॲपवर नाहीत. ती अशाच डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहेत, आणि तिथे ती सुरक्षित नाहीत. फ्लॅश चिपमध्ये माहिती म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार. ड्राइव्ह वर्षानुवर्षं न वापरता पडला की तो हळूहळू झिरपतो, आणि गरमीत जास्त लवकर. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत काय होत असेल, विचार करा.

तर या रविवारी एक काम करा. घरातले जुने पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड काढा. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. आतल्या सगळ्याची कॉपी दोन वेगळ्या जागी ठेवा. आणि फाइलला नाव द्या: कोण गातंय, कुठलं गाव, कोणतं साल. सांगणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्या. आमच्या त्या तीन फाइलींची नावं मामांनी सांगितली, मी टाइप केली.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पिन सुलटी लावा!