पंतोजींचे मासिक

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव निघाले की 'निबंधमाला' आठवते. मला मात्र त्याआधीचे 'शालापत्रक' अधिक ओढ लावते. शिक्षणखात्याचे हे मासिक मराठी शाळांतल्या शिक्षकांसाठी होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर ते सांभाळत. १८६८ पासून विष्णुशास्त्रीही त्यात आले.

एका खोलीची शाळा, एकटे पंतोजी आणि तपासणीला येणारे डेप्युटी. आपल्यासारखे आणखी कोणी आहेत, हे त्या माणसाला कळायला छापील अंकाखेरीज साधने थोडीच. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु, दंडी यांच्यावरचे विष्णुशास्त्र्यांचे निबंध आले ते या वाचकापुढे. वाङ्मयाचे इतिहासकार त्यांत मराठी टीकेचा उगम पाहतात. तो आहेच. पण मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या मास्तरांना 'कादंबरी'कार बाणाबद्दल सांगावे, असे एका संपादकाला वाटले, हे मला त्याहून मोठे वाटते. हल्लीच्या प्रशिक्षणांत शिक्षकाला इतके मोठे समजतात का, कोण जाणे!

मजकूर सरकारला खुपू लागला आणि १८७५ मध्ये मासिक बंद झाले. विष्णुशास्त्र्यांचे फारसे अडले नाही, 'निबंधमाला' १८७४ पासूनच चालू होती. गेले ते शिक्षकांचे. खात्याने दिले होते, खात्यानेच नेले.

म्हणून १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल मी याच धाग्यात धरतो. विष्णुशास्त्री, टिळक, नामजोशी. मागून आगरकर, वामन शिवराम आपटे. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि शिकवणारे आजीव सभासदच कारभारी बनले. वरून हुकूम देणारे खाते नव्हते. वाद घालायचा तो एकमेकांशी, आणि त्यांनी तो भरपूर घातला.

त्यांच्यातल्या फुटीकडे आपण टिळक–आगरकरांच्या सुधारणेवरच्या वादातूनच पाहतो. मला त्यात शिक्षकी पेशाचा पेचही दिसतो: शाळा सुटल्यावर उरलेला वेळ कोणाचा? पगारवाढ हवी का, बाहेरची कामे चालतील का, यावर सभासदांत खटके उडत होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा टिळकांचा आक्षेप होता की आजीव सभासदाने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा. त्याग हीच अट असेल तर ती सर्वांना सारखी हवी, हे त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. पण संसार असलेल्या मास्तरांना ते कितपत झेपणार होते?

१८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. गोखले १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले, आणि बाहेरची कामेही करत राहिले.