लोंबत्या थेंबाचं कुळ

१९०७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातून चेतासंस्थेचा एक कण कापून काढला. बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात तो ठेवला, थेंब काचेवर गोठू दिला, मग काच उलटी करून खोलगट पट्टीवर बसवली आणि कडा मेणानं बंद केल्या. थेंब खाली लोंबत राहिला. ही युक्ती जंतुशास्त्रज्ञांकडून उसनी आणलेली. हॅरिसनना मात्र जंतूंशी देणंघेणं नव्हतं. चेतातंतू एकाच पेशीतून फुटून लांबत जातो की अनेक पेशी जुळून बनतो, यावर युरोपातले विद्वान हमरीतुमरीवर आले होते. हॅरिसननी तो तंतू पेशीतून फुटून वाढताना डोळ्यांनी पाहिला.

निकाल चेतातंतूचा लागला, पण हाती आणखी मोठं काही आलं: पेशी शरीराबाहेर जगते, वाढते. मूलपेशींपासून मानवी आतड्याचा, यकृताचा, मेंदूचा इवलासा नमुना आज प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्याला ‘ऑर्गनॉइड’ म्हणतात. त्या विद्येचा मूळपुरुष शोधायचा तर या थेंबापाशी यावं लागतं.

दुसरं मूळ त्याच वर्षीचं, त्याच देशातलं. एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातला स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, भांड्याच्या तळाशी बसल्या. काही वेळानं त्या एकमेकींकडे सरकून गोळा झाल्या आणि त्यांनी पुन्हा स्पंज उभा केला. कुणी नकाशा दिला नव्हता, साचा दिला नव्हता. हॅरिसननी पेशी जगवून दाखवली आणि विल्सननी ती आपलं घर आपण बांधते हे दाखवलं. दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळायला मात्र शंभर वर्षं गेली.

मधल्या काळात बढायाही पुष्कळ झाल्या. नोबेलविजेते अलेक्सिस कॅरल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचेत घातला आणि तो अमर असल्याचा बोलबाला केला. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं की माणसाच्या साध्या पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. कॅरलचा प्रयोग पुन्हा कुणाला जमलाही नाही.

थेंबाची विद्या मुंबईला पोचली ती मात्र एका मराठी बाईंच्या हातून. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७चा. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. वडील स्वतः फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढचं शिक्षण त्यांनी घेतलं ते जॉन्स हॉपकिन्समध्ये, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे हॅरिसनचा थेंब जिथे लोंबला त्याच संस्थेत.

हे गे गृहस्थ जुगाडात पटाईत. पेशींच्या नळ्या संथपणे फिरवत ठेवणारं पिंप त्यांनी बनवलं. पेशींच्या खाण्यात कोंबडीच्या रक्ताचा द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतपणात मिळालेल्या नाळेतल्या रक्ताचा अंश असे. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढल्या. त्या सुमारे चोवीस तासांत दुप्पट होत आणि थांबत नसत. जगभर पसरलेल्या ‘हेला’ पेशी त्याच. हेन्रिएटाची परवानगी मात्र कुणी घेतली नव्हती.

रणदिवे परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पेशींना ज्यांनी वळण लावलं, त्यांची नावं लोकांना कळतात. त्या जगवायच्या कशा हे ज्यांनी चार माणसांना शिकवलं, त्यांची कळत नाहीत. २०२१ साली गूगलनं रणदिवे यांच्या जन्मदिनी डूडल केलं, तेव्हा कितीतरी मराठी घरांत हे नाव पहिल्यांदाच गेलं असेल.

आणि पेशी जगवणं म्हणजे खरी चाकरी. पेशींना ३७ अंशांची ऊब लागते, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. पोषकद्रवाला लॅबमधली पोरं ‘मीडिया’ म्हणतात. त्यात लाल रंगाचं सूचकद्रव्य असतं. पेशींनी खाऊन आंबट केला की मीडिया पिवळा पडतो, मग तो बदलायचा. रविवार असो, गणपती असोत. मीडिया गढूळ दिसला की समजायचं, जंतू शिरले. ‘कल्चर गेलं’ एवढंच म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीतून लोकलनं दादर-परळला येणाऱ्या माणसाला या कुळाचे बरेच वंशज एकाच भागात भेटतात. टाटा, केईएम आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, सगळ्या परळच्या. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्यानंतर साधारण दशकभरानं परळच्या त्या संस्थेत दीपा भारतीय यांच्या गटानं ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ हे मूलपेशींचे दोन वंश तयार केले. या कामात टेस्टट्यूब बेबीसाठी देशभर ठाऊक असलेल्या डॉ. इंदिरा हिंदुजा सहभागी होत्या. पुढे याच पेशींना स्वादुपिंडाच्या वाटेवर नेण्याचेही प्रयोग झाले.

स्वादुपिंडाचा ध्यास पुण्यालाही होता. तिथल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या गटानं इन्शुलिन बनवणाऱ्या द्वीपिका काचेत वाढवायचा पिच्छाच पुरवला. नाळ, वार, जे बाळंतपणानंतर टाकून देतात त्यातल्या पेशीही वापरून पाहिल्या. त्याच केंद्रातून पुढे आलेले आनंदवर्धन हार्डीकर अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत गेले. २००४ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा सहभाग असलेला निबंध आला: मानवी द्वीपिकेतल्या पेशी आपलं रूप टाकून वाढतात आणि पुन्हा इन्शुलिनकडे वळू शकतात. २००७ साली त्याच अमेरिकी प्रयोगशाळेनं उंदरांच्या पेशी तपासल्या. त्यांत तसं घडल्याचा पुरावा मिळाला नाही आणि तेही तिनं छापलं. दावा ज्या प्रयोगशाळेतून आला, तिथूनच त्याची तपासणी निघाली. असं शास्त्र मला जास्त विश्वासाचं वाटतं.

विल्सनचं घराणं परत आलं ते २००९ साली, हॉलंडमध्ये. हान्स क्लेव्हर्स यांच्याकडे तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकेकटी मूलपेशी जेलमध्ये ठेवली. तिनं आतड्याचे खळगे आणि उंचवटे स्वतः रचले. हे जेल उंदराच्या गाठीपासून काढतात आणि त्याचा स्वभाव उलटा: थंडीत पातळ, उबेत घट्ट. म्हणून नळ्या बर्फात ठेवायच्या, प्लेटमध्ये थेंब टाकायचा आणि पेशी तळाला बसू नयेत म्हणून प्लेट लगेच उलटी करून ३७ अंशांत ठेवायची. शंभर वर्षांनीही थेंब उलटाच लोंबतो.

याचा उपयोगही लवकरच झाला. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊती घेऊन त्याचे ऑर्गनॉइड वाढवतात, त्यावर औषध टाकतात. गोळे फुगले तर औषध त्या रुग्णाला लागू पडण्याची शक्यता.

मोठा अवयव मात्र अजून दूर आहे. अडचण रक्तवाहिन्यांची. मॅडलिन लँकेस्टर यांनी २०१३ साली मानवी मेंदूचे जे ऑर्गनॉइड वाढवले, ते चार मिलिमीटरच्या आसपास थांबले. आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोचेना आणि त्या मेल्या. त्याच वर्षी जपानच्या ताकानोरी ताकेबे यांनी यकृताच्या पेशींत रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि आधार देणाऱ्या पेशी मिसळल्या. त्यांतून बनलेले यकृताचे अंकुर उंदरात बसवल्यावर ४८ तासांत त्यांच्या वाहिन्या उंदराच्या रक्ताला जोडल्या गेल्या.

दुर्धर आजार मूलपेशींनी बरे करू, असं सांगून लाखो रुपये मागणारी दुकानं मात्र आधीच थाटली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार एकच, रक्ताच्या आजारांत मज्जेतल्या मूलपेशींचं रोपण. बाकी सगळं संशोधन आणि संशोधनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. तो एक उपचार भारतात पहिल्यांदा यशस्वी झाला तो १९८३ साली, परळच्या टाटा हॉस्पिटलात. नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होता, मज्जा तिच्या भावानं दिली आणि रोपण केलं डॉ. सुरेश अडवाणी यांनी.