उपग्रहाची भाषा आणि मुलांची भाषा

नवे यंत्र वर्गात आले की शिक्षणाचा कायापालट होणार, असे आपल्याकडे दर पिढीला सांगितले जाते. सध्या हा मान मोबाइलला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वर्गगटांना आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो उपग्रहाला होता. मी त्या प्रयोगाकडे पुन्हापुन्हा वळतो, याचे कारण त्यातले यंत्र नव्हे. यंत्र आणि मूल यांच्यामध्ये कोण उभे होते, हा प्रश्न तिथे फार स्पष्ट दिसतो.

प्रयोगाचे नाव ‘साइट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष तो चालला. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला होता. प्रयोग पाहायला मात्र साराभाई राहिले नाहीत. नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी पूर्व आफ्रिकेच्या आकाशात आणून ठेवला. अहमदाबादेत यशपाल प्रमुख होते, आणि कार्यक्रमाचे व्यवस्थापन मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी निवडली गेली, तीही मुद्दाम मागासलेल्या भागांतली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, खाली सार्वजनिक दूरदर्शन संच; वीज नसेल तिथे बॅटरी.

सकाळचा दीड तास प्राथमिक शाळेतल्या मुलांचा. हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू अशा चार भाषा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत. महाराष्ट्र श्रोता नव्हता, पण कारखाना होता, असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या मते खरी मेख या चार भाषांतच आहे. कागदावर बिहार आणि मध्य प्रदेश हिंदी भाषक. पण दरभंग्याचे मूल घरी मैथिली बोलते आणि रायपूरचे छत्तीसगढी. पडद्यावरची संस्कृतप्रचुर हिंदी त्याला निम्मीच उमगणार. उपग्रहाला हे कळण्याची सोय नव्हती. त्याचा आवाज एकाच दिशेने येत असे. मुलाचा प्रश्न वर जात नसे. तो प्रश्न ऐकणारा एकच माणूस खोलीत होता, तो म्हणजे गुरुजी. धडा सुरू होण्याआधी दोन वाक्ये, संपल्यावर चार, आणि तीही गावच्या बोलीत.

संयोजकांना याची जाण होती, हे त्यांचे मोठेपण. सुट्टीत दोन फेऱ्यांमध्ये मिळून सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले: थोडे दूरदर्शनवरून, थोडे रेडिओवरून, आणि बाकी छापील साहित्य व हाताने करायचे प्रयोग यांतून. प्रयोगानंतरच्या पाहण्यांत पटनोंदणी किंवा गळती यांत लक्षणीय फरक आढळला नाही, मुलांच्या भाषेत मात्र सुधारणा दिसली. प्रयोगाचे गुणगान करताना पहिली अर्धी ओळ गाळली जाते आणि टीका करताना दुसरी.

कर्नाटकातली खेडी विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली होती. यांपैकी पहिल्या दोन जिल्ह्यांची हद्द सोलापूरला लागून आहे. हद्दीच्या अलीकडेही घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुले पूर्वापार आहेत; १९७५ ची ती साडेबावीस मिनिटे त्यांच्यासाठी नव्हती. पुढे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हाच्या गौरव-नोंदीत कोडपेक्षाही महत्त्वाचा मजकूर आहे: त्यांनी कन्नड शिकून घेतली आणि मग मुलांना समजतील असे धडे, कविता, गोष्टी त्या कोडमागे ठेवल्या. वर्तमानपत्रांनी मथळा दिला तो दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिल्याचा. ते कौतुक रास्तच. परंतु क्यूआर कोड कुणालाही छापता येतो. बालभारतीच्या पुस्तकांवर तो आता सर्रास असतो. मुलांसाठी त्यांची भाषा शिकायला बसणे छापखान्यात होत नाही.

त्याच २०२० साली शाळांना कुलपे लागली आणि धडे व्हॉट्सअ‍ॅपवर निघाले. ज्या घरात एकच फोन, आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तिथे धडा रात्री पोहोचे किंवा पोहोचतच नसे. सोलापूर शहरातल्या नीलमनगरात शिक्षकांनी तेव्हा वस्तीतल्या घरांच्या भिंतीच रंगवून घेतल्या. अक्षरे, पाढे, व्याकरण, विज्ञान. येता-जाता, खेळता-खेळता दिसेल असे. रंगाचा डबा आणि कुंचला, एवढेच त्यांचे तंत्रज्ञान होते.