पुन्हां पाहावे असे विनोदी बोलपट

केळना नदीच्या कांठचें भोकरदन म्हणजे प्राचीन काळचें भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्या भोगवर्धनकरांचे उल्लेख कोरलेले आहेत. १९७० नंतरच्या दशकांत या गांवीं झालेल्या उत्खननांत हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं मिळालेल्या मूर्तीशीं तिचें इतकें साम्य आहे कीं, पाँपेईची मूर्तीहि मूळची येथलीच असावी, असें कांहीं विद्वानांस वाटतें. ज्या वर्षीं तिकडे ती मूर्ति राखेंतून वर आली, त्याच वर्षीं इकडे ‘ब्रह्मचारी’ हा मराठी बोलपट पडद्यावर आला. या योगायोगावर सिद्धान्त उभारण्याचें कारण नाहीं. परंतु मातींतून निघालेल्या वस्तूची पारख करणाऱ्या गांवानें जुन्या विनोदाचीहि एकदां पारख करून पाहावी, यांत गैर तें काय?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत भोकरदन निजामाच्या राज्यांत होतें. दरबारची भाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणहि उर्दूंत. अशा मुलखांत मराठी बोलपट जेथें पोहोंचे, तेथें तो नुसती करमणूक नव्हता. घरांत बोलली जाणारी भाषा चारचौघांत मोठ्यानें ऐकूं येण्याची ती एक जागा होती.

‘ब्रह्मचारी’ निघाला तो बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक व छायालेखक पांडुरंग नाईक यांनीं कोल्हापुरास १९३६ सालीं उभारलेल्या ‘हंस पिक्चर्स’मधून. कथा व संवाद आचार्य अत्रे यांचे. नायक औदुंबर एक व्याख्यान ऐकतो आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतो. खोलींतील नटींचीं चित्रें बाहेर जातात, आणि मग किशोरी आंत येते. मीनाक्षीबाईंनीं पोहण्याच्या पोशाखांत गायिलेल्या गाण्यानें त्या वेळीं मोठा गहजब उडाला होता. आज त्या प्रसंगानें कोणाची भुंवई वर जाणार नाहीं. म्हणजे चित्रपटांतील जें सर्वांत धीट, तेंच सर्वांत लौकर शिळें झालें. औदुंबर मात्र ताजाच आहे. एका संध्याकाळच्या भाषणानें जन्माचा मार्ग बदलणारीं माणसें प्रत्येक पिढींत निपजतात.

याहून सरस १९३९ चा ‘ब्रँडीची बाटली’. लेखक अत्रे, दिग्दर्शक विनायक, आणि नायक दामुअण्णा मालवणकर. बगाराम हा म्युनिसिपालिटींतला भोळा कारकून. मालतीच्या आजारी भावासाठीं औषध म्हणून ब्रँडी आणण्याचें काम त्याच्यावर येतें, आणि ब्रँडी म्हणजे काय हेंच त्याला ठाऊक नसतें. सारा विनोद येथून उगवतो. विचारणाऱ्याचा प्रश्न निर्मळ असतो, ऐकणाऱ्याचें मन नसतें. त्यांत दामुअण्णांचे ते तिरळे डोळे! एक डोळा समोरच्याकडे आणि दुसरा दैवाकडे लागलेला, असें तें दर्शन आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदी आली, हें ध्यानांत ठेवल्यास थट्टेची धार अधिक कळते. पण न ठेवल्यासहि बगाराम हसवतोच.

१९४० च्या ‘लग्न पहावें करून’ मध्यें विनायकांनीं चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. दामुअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. जोशी हे बडोद्याचे पालीचे पंडित. भोगवर्धनच्या दात्यांचे लेख ज्या प्राकृतांत कोरले आहेत, तिच्या सख्ख्या बहिणीचा अभ्यास करणारा हा मनुष्य बहिणीच्या लग्नासाठीं वणवण करणाऱ्या भावाची कथा रचीत होता. स्थळें, पत्रिका, देण्याघेण्याच्या गोष्टी, वराच्या बापाचा ताठा! हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला, तरी हा चित्रपट पाहतांना प्रेक्षकाला परकें असें कांहीं वाटत नाहीं. हंसूं येतें, आणि मध्येंच घशांत अडकतें.

पुढें १९५२ सालीं राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगांवचे शहाणे’ आले, १९५३ सालीं पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपति’. तिन्ही पाहण्याजोगे. मात्र या साऱ्या परंपरेंतला नायक बहुधा शहरांतला, पांढरपेशा. ज्वारी-कपाशीच्या शेतांत राबणाऱ्या प्रेक्षकाला तो हसवी, पण त्याला स्वतःचें रूप क्वचितच दाखवी. ती उणीव १९७१ च्या ‘सोंगाड्या’नें भरून काढली. वसंत सबनीस यांची लेखणी आणि दादा कोंडके यांचा भाबडा नाम्या, दोन्ही तमाशा-वगाच्या अंगणांतून आलेले. दादांचा द्वयर्थ ज्यांना खटकतो, त्यांनींहि बगाराम व नाम्या शेजारीं बसवून पाहावेत. दोघे एकाच कुळीचे ठरतात.

हे जुने बोलपट ज्या नायट्रेट फितीवर उतरत, ती फीत झटकन पेट घेई, आणि पेटली नाहीं तरी कुजे. त्या काळचे कित्येक चित्रपट असेच नाहींसे झाले. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत त्यांना हक्काचें घर नव्हतें. भोकरदनचा हस्तिदंत सुमारें दोन हजार वर्षें मातींत टिकला. ‘ब्रह्मचारी’च्या पिढीच्या फितींना कपाटांत तीस वर्षें काढणें जड गेलें. जे बोलपट हातीं लागतात, त्यांतून एकच निवडावयाचा झाल्यास ‘ब्रँडीची बाटली’ निवडावा, आणि घरांत कोणी वडीलधारें असल्यास त्यांना शेजारीं बसवून पाहावा.