महाराष्ट्रातील परमिट रूम आणि साथकाळातील निर्बंध (२०२०–२०२२) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये साथरोग अधिनियम, १८९७ राज्यात लागू केला आणि १ एप्रिल २०२२ पासून उरलेसुरले निर्बंध मागे घेतले. या दोन वर्षांत राज्यातील बहुतेक सर्व व्यवसायांना टाळेबंदीची झळ बसली. तथापि मद्य देणाऱ्या उपाहारगृहांची, म्हणजेच बोलीभाषेतील 'परमिट रूम'ची स्थिती इतरांहून वेगळी होती. या ठिकाणी एकाच छपराखाली दोन व्यवसाय चालतात. अन्नाचा व्यवसाय हा नागरिकाचा हक्क मानला जातो, तर मद्याचा व्यवसाय ही शासनाने दिलेली सवलत मानली जाते. साथकाळातील नियमांनी हे दोन व्यवसाय एकमेकांपासून अलग केले. या विलगीकरणाची ऐतिहासिक मुळे आणि त्याचे परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन कायद्यांचा वारसा

साथरोग अधिनियम हा प्लेगच्या साथीचे अपत्य होय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये अवघ्या चार कलमांचा हा कायदा संमत झाला. साथीच्या काळात आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा व्यापक अधिकार त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला दिला. नियमभंगासाठी शिक्षा सांगितली आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. परंतु नियमांमुळे ज्यांची उपजीविका बुडेल त्यांना भरपाई देण्याचे बंधन त्यात नव्हते. पुण्यातील घरझडत्या, त्यातून उसळलेला असंतोष आणि जून १८९७ मधील रँडवरील हल्ला हा इतिहास सर्वपरिचित आहे. २०२० मध्ये निर्बंध शिथिल करण्याच्या मोहिमेला 'पुनश्च हरिओम' असे नाव दिले गेले. प्लेगकाळातील लेखनाबद्दल कारावास भोगल्यानंतर लोकमान्य टिळकांनी १८९९ मध्ये 'केसरी'त वापरलेले हे शब्द होते. कायद्याबरोबर त्या काळाची भाषाही अशा रीतीने परत आली.

दुसरा वारसा दारूबंदीचा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील निदेशक तत्त्वाचे पाठबळ या धोरणाला होते. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, परंतु कायदा रद्द झाला नाही. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशीच त्याची रचना आजही आहे. मद्य पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा, अशी त्यात तरतूद आहे. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच रूढ झाले.

सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज खटल्यात (१९९५) मद्यव्यापार हा मूलभूत हक्क नसल्याचे स्पष्ट केले. मात्र शासनाने एकदा या व्यापाराला परवानगी दिली की पात्र नागरिकांमध्ये भेदभाव करता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. निकालाचा पहिला भाग वारंवार उद्धृत होतो. साथकाळाच्या संदर्भात मात्र दुसरा भाग अधिक महत्त्वाचा ठरतो.

साथीपूर्वीच्या बंदी

२०२० ची टाळेबंदी हा या व्यवसायाचा बंदीशी आलेला पहिला संबंध नव्हता. २००५ मध्ये नैतिकतेच्या कारणास्तव डान्स बारवर बंदी आली. तारांकित हॉटेलांना त्यातून सूट होती. हा वर्गभेद न्यायालयात टिकला नाही आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. डिसेंबर २०१६ मध्ये रस्ता सुरक्षेच्या कारणास्तव महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. लहान गावांसाठी हे अंतर पुढे कमी करण्यात आले. कारणे बदलत गेली, तरी बंदीचा भार प्रत्येक वेळी मुख्यतः परवानाधारक आणि त्याचे कामगार यांच्यावरच पडत गेला.

बाटली आणि टेबल

राज्याच्या उत्पादन शुल्क व्यवस्थेत 'वाईन शॉप'ची अनुज्ञप्ती एफ.एल.-२ आणि परमिट रूमची एफ.एल.-३ या नावाने ओळखली जाते. पहिली सीलबंद बाटली विकण्यासाठी, तर दुसरी ग्राहकाने जागेवर बसून मद्य सेवन करण्यासाठी आहे. साथकाळातील सर्व नियम या भेदावर उभे राहिले.

मे २०२० च्या आरंभी केंद्राने मद्याच्या दुकानांना मर्यादित परवानगी दिली. बार बंदच राहिले. ४ मे रोजी मुंबईतील दुकानांपुढे एवढी गर्दी उसळली, की दुसऱ्याच दिवशी महापालिकेने ती बंद करण्याचा आदेश काढला. त्यानंतर परवानाधारक ग्राहकांना घरपोच विक्रीचा मार्ग खुला झाला. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरील कर हा राज्यांचा स्वतःचा मोठा आधार आहे आणि टाळेबंदीत इतर स्रोत आटलेले होते. त्यामुळे मद्यविक्री लवकर सुरू करण्याचा निर्णय समजण्याजोगा होता.

परमिट रूमना याच सुमारास साठ्यातील सीलबंद बाटल्या छापील किमतीत विकण्याची मुभा मिळाली. बिअर साधारण सहा महिन्यांत खराब होते, म्हणून ही मुभा उपयुक्त होती. परंतु परमिट रूमचे उत्पन्न बाटलीवर नव्हे, तर पेग, खाद्यपदार्थ, बैठक आणि सेवा यांच्यावर अवलंबून असते. छापील किमतीच्या विक्रीत वेटर, कॅप्टन आणि आचारी यांना काही काम उरत नाही. शासनाने मद्य वाचविले; ज्या टेबलाभोवती रोजगार होता ते टेबल मात्र बंद राहिले.

आरोग्याच्या दृष्टीने हा भेद निराधार नव्हता. दुकानातील व्यवहार काही मिनिटांत संपतो. परमिट रूममध्ये ग्राहक मुखपट्टी काढून, बहुधा बंद वातानुकूलित खोलीत दीर्घकाळ बसतो. चीनमधील ग्वांगझू येथील एका वातानुकूलित उपाहारगृहात जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जणांना संसर्ग झाल्याचे संशोधनातून पुढे आले होते. तेव्हा टेबल बंद करण्याचा निर्णय अन्यायकारक म्हणता येत नाही. त्या निर्णयाची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

घड्याळाचे निर्बंध

केंद्राने ८ जून २०२० पासून उपाहारगृहे उघडण्यास मोकळीक दिली, तरी महाराष्ट्रात ती ५ ऑक्टोबरपासून पन्नास टक्के क्षमतेने सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत 'ब्रेक द चेन' आदेशांनी ती पुन्हा बंद केली. उपाहारगृहांना पार्सल व घरपोच सेवा, तर निवासी हॉटेलांतील उपाहारगृहांना तेथे उतरलेल्या पाहुण्यांपुरती मुभा होती.

७ जून २०२१ पासून बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायू खाटांचा वापर यांवर आधारित पाच स्तर आले. तिसऱ्या स्तरात उपाहारगृहे सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत निम्म्या क्षमतेने चालू शकत होती. त्यानंतर केवळ पार्सल. हा नियम सर्वांना समान होता, परिणाम मात्र समान नव्हता. सकाळचा नाश्ता आणि दुपारची थाळी देणाऱ्या खाणावळीचा बराचसा धंदा चारपूर्वी होतो. परमिट रूमचा दिवस सायंकाळी सुरू होतो. तिच्यासाठी चारची मर्यादा म्हणजे कागदोपत्री उघडलेले, व्यवहारात बंद असलेले दुकान होते. जून २०२१ च्या अखेरीस डेल्टा प्लसच्या भीतीने संपूर्ण राज्य किमान तिसऱ्या स्तरात आणले गेले. ऑगस्टच्या आरंभी अनेक जिल्ह्यांत दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली, तरी उपाहारगृहांची चारच राहिली. 'आहार' या हॉटेलचालकांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठविला. १५ ऑगस्टपासून लसीकरण पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांच्या अटीवर रात्री दहापर्यंत वेळ मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा निम्मी क्षमता व दहाची मर्यादा आली.

शुल्क आणि श्रम

परमिट रूमचे अनुज्ञप्ती शुल्क लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते आणि १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी आगाऊ भरावे लागते. ते किती दिवस व्यवसाय चालेल यावर ठरत नाही. त्यामुळे बंद महिन्यांतील सवलत ही व्यावसायिकांना विनंती करून मागावी लागली. मालकाला निदान संघटना होती. वेटरच्या मिळकतीचा मोठा वाटा बक्षिशीचा, निवास अनेकदा हॉटेलमध्येच आणि मूळ गाव उडुपी परिसरात किंवा उत्तर भारतात. हॉटेल बंद होताच वेतन, बक्षीस, जेवण आणि निवारा या चारही गोष्टी एकाच वेळी धोक्यात आल्या. स्तरांच्या आदेशांमध्ये क्षमता, वेळ आणि लसीकरण यांचे तपशील होते. या कामगाराच्या निर्वाहाची तरतूद त्यांत नव्हती. १८९७ च्या कायद्यातील उणीव येथे प्रत्यक्ष माणसांच्या आयुष्यात उतरली.

निष्कर्ष

१) परमिट रूम बंद ठेवण्यामागे आरोग्यविषयक आधार होता; तथापि मद्याचा महसूल राखून त्याच्या सेवेचा रोजगार थांबविल्याने साथीचा भार विषम वाटला गेला.

२) सर्वांना एकच वेळ लावणारा नियम हा समान वागणुकीचा नियम ठरत नाही. सायंकाळच्या व्यवसायासाठी एकूण तासांची मर्यादा अधिक न्याय्य झाली असती.

३) शासनाच्या आदेशाने व्यवसाय बंद राहिल्यास त्या दिवसांचे अनुज्ञप्ती शुल्क आपोआप वजा होण्याची तरतूद नियमांतच असावी.

४) साथरोगविषयक कायद्यात कामगारांच्या निर्वाहाची तरतूद समाविष्ट होणे आवश्यक आहे.

मद्यव्यवसाय ही शासनाची सवलत आहे, हे तत्त्व मान्य केले तरी त्या व्यवसायात ताट उचलणाऱ्या, ग्लास धुणाऱ्या माणसाचे श्रम ही सवलत नव्हे. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्याबरोबरच जीवनमान उंचावणे हेही राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. पुढील साथीचे नियम लिहिताना त्या अनुच्छेदाची ही दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल.