काम दहा जणांना द्यायचं की दीडशे जणांना?

आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं हिंजवडी-खराडीला कंपनीत आहेत. त्यातली बरीच आता तिशी ओलांडून 'टीम लीड' झालीत. हे लीडपण नेमकं काय असतं, ते समजून घ्यायचं तर साठ वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागतं. पोस्ट जरा लांब आहे, चालवून घ्या.

फ्रेड ब्रूक्स, जन्म १९३१. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टीम/३६० जाहीर केली. लहान-मोठे संगणक, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालणार. तोवर असं नव्हतं. यंत्रं बनवण्याचं काम ब्रूक्सने सांभाळलं होतं. मग त्याच्याकडे आली या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम, ओएस/३६०. इथे खरी परीक्षा होती.

आराखडा कोणी लिहायचा? एका मॅनेजरकडे दहा चांगली माणसं होती. तो म्हणाला, आम्ही नीट लिहू, पण दहा महिने लागतील, म्हणजे ठरल्यापेक्षा तीन जास्त. दुसऱ्याकडे दीडशे माणसं. तो म्हणाला, आम्ही वेळेत देतो, आणि काम त्यांना दिलंत तर माझी माणसं दहा महिने हातावर हात ठेवून बसतील. यावर पहिल्याने बजावलं, त्यांना दिलंत तरी तीन महिने उशीर होणारच, वर दर्जाही जाईल.

ब्रूक्सने दीडशे जणांना दिलं. रिकामी बसलेली माणसं कोणत्या साहेबाला बघवतात? पण झालं ते पहिला म्हणाला तसंच. शिवाय त्या विस्कळीत आराखड्यामुळे चुका शोधण्यातच वर्षभर जादा गेलं, असा खुद्द ब्रूक्सचा अंदाज. सिस्टीम उशिरा आली आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला.

हे सगळं त्याने स्वतःच १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात लिहून ठेवलंय. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर यांनी त्याला विचारलं होतं, की प्रोग्रॅमिंगचं काम सांभाळणं इतकं अवघड का? त्याचं हे उशिरा दिलेलं उत्तर.

उत्तरातला गाभा असा. ऊसतोडीला कोयते वाढवले की फड लवकर मोकळा होतो, कारण एकाला दुसऱ्याशी बोलायची फारशी गरज नसते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी जुळवून घ्यावं लागतं. पाच जणांत अशा १० जोड्या होतात, पन्नास जणांत १२२५! नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो. म्हणून रखडलेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. याला आज 'ब्रूक्सचा नियम' म्हणतात. नियम पाठ असलेल्या कंपन्याही डेडलाइन जवळ आली की माणसंच वाढवतात, ते सोडा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. उत्तम प्रोग्रॅमरला मॅनेजर केलं तर त्याला बढती म्हणू नये, बदली म्हणावं आणि पगारही वाढवू नये, असं ब्रूक्स लिहितो. उलट मॅनेजर पुन्हा प्रोग्रॅमिंगकडे गेला, तर मात्र पगारवाढ द्यावी. कारण मान आपोआप साहेबाकडेच जातो, तराजू मुद्दाम दुसरीकडे झुकवावा लागतो.

आपल्याकडे पेढे कधी वाटले जातात, ते तुम्हाला माहीतच आहे. लीडपद सोडून परत कोड लिहायला बसलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. आणि तेव्हा घरचे काय म्हणाले, तेही.